तळ्यात, मळ्यात, बॉल पायात : शाळेच्या पटांगणावरच्या नोंदी

२१ जून २०२५, शनिवार

शाळा सोमवारी उघडली, खेळाचं कपाट आज उघडलं. मोठ्या सरांनी हा तास माझ्या गळ्यात घातला, कारण कॉलेजात असताना मी खो-खो खेळायचे. पोरांना विचारलं काय खेळायचं, तर खो-खोचं नाव कुणी काढलं नाही. तिसरी ते सहावीची बावीस पोरं, चौदा मुलगे आणि आठ मुली, सगळ्यांचं एकच : फुटबॉल. मी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही.

गाव बोरी नदीच्या काठचं, अमळनेर तालुक्यातलं. पटांगणाच्या एका अंगाला काळी माती, दुसऱ्या अंगाला मुरूम, मध्ये निंबाचं झाड. गोलपोस्ट नाहीत.

कपाटात पाच बॉल निघाले. दोन २०१७ सालचे. त्या वर्षी १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात होता आणि १५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शाळांनी ‘मिशन वन मिलियन’मध्ये फुटबॉल खेळला होता. तेव्हाचे हे बॉल, कव्हर आता कांद्यासारखं सुटतंय. एकाचं ब्लॅडर गेलेलं. पंप आहे, हवा भरायची पिन नाही. सायकलवाल्याकडे मिळाली, दहा रुपये.

रात्री भाच्याला फोन केला. तो भुसावळला रेल्वेच्या वसाहतीत वाढला, कॉलेजच्या संघात होता. म्हणाला, “मावशी, आधी बॉलवरचा आकडा बघ.” पाचही बॉलांवर ५. पाच नंबरचा बॉल मोठ्यांचा : घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. आठ ते बारा वर्षांच्या पोरांना चार नंबर लागतो, तो साडेतीनशेच्या पुढे, चारशेच्या आत. तिसरीतल्या पोराला पाच नंबर देणं म्हणजे बापाच्या चपला घालून शर्यतीत उभं करणं. पण आहे ते आहे.

२५ जून, बुधवार

फजिती.

मोबाइलवर बघून विटा मांडल्या, तीन रांगा केल्या. एकेकानं बॉल पायानं ढकलत विटांमधून न्यायचा आणि मागच्याला आणून द्यायचा. चांगले बॉल तीनच, पोरं बावीस. पाचव्या मिनिटाला सुरू झालं, “मॅडम, मना नंबर कव्हय येई?” रांगेच्या शेपटाला ढकलाढकली. एक जण लघवीला गेला तो घरीच गेला.

सहावीतली एक मुलगी हात मुरगळला म्हणून निंबाखाली बसली होती. तिला चिंचोके दिले आणि सांगितलं, त्या लाल शर्टवाल्याचा पाय बॉलला लागला की एक चिंचोका बाजूला टाक. अर्ध्या तासात नऊ चिंचोके. नऊ! त्यातलेही चार बॉल पळून गेल्यावर त्याला अडवायचे.

खो-खोत आठ जण पाटीवर बसलेले असतात, पण कुणाचं अंग ढिलं नसतं. खो कधी मिळेल सांगता येत नाही. इथं रांगेत उभ्या पोराला पक्कं माहीत आहे की अजून सात जण आहेत, म्हणजे तोवर पुढच्याच्या कानात गवत घालायला हरकत नाही.

भाचा फोनवर हसला. “मावशी, तू फुटबॉल नाही शिकवत, रेशन वाटतेस.”

ठरवलं. एक, रांग नाही. दोन, जवळपास प्रत्येकाच्या पायात बॉल. पैसे नाहीत.

२७ जून, शुक्रवार

सासूबाई गोधड्या शिवतात. त्यांना म्हटलं, चिंध्यांचे चेंडू करता येतील का? त्यांनी गादीतला जुना कापूस, वर चिंध्या, त्यावर सुतळीचे वेढे आणि सगळ्यात वर फाटक्या लुगड्याचं कव्हर घालून दाट टाके घातले. दोन दिवसांत बारा चेंडू. किराणा दुकानातल्या काट्यावर एक ठेवून पाहिला, तीनशे ग्रॅमला थोडा कमी.

उसळी नाही. टाकला की ढेकळासारखा पडतो. मी हिरमुसले, भाचा मात्र खूश. त्याचं म्हणणं, १९३० साली उरुग्वेत, माँटेव्हिडिओला, हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकानं बंद सभागृहात खेळायला फुटसाल काढला. त्या खेळाचा बॉल आजही मुद्दाम कमी उसळणारा असतो, म्हणून तो पायाजवळ राहतो आणि पोरांची कलाकुसर वाढते. आपल्या खडबडीत पटांगणावर तर हे फारच बरं. सासूबाईंना सांगितलं की तुमच्या चेंडूचा नातेवाईक उरुग्वेत आहे. त्या म्हणाल्या, “त्यास्ले सांग, सुतळी संपनी.”

२८ जून, शनिवार

हजर २२. विषामृत.

हा खेळ शिकवावा लागत नाही, हे पहिलं सुख. वीस पावलं लांब-रुंद चौकोन फक्कीनं आखला. दोघं ‘विष’, त्यांच्याकडे चेंडू नाही. बाकी सगळ्यांच्या पायात चेंडू (पंधरा झाले, उरलेल्यांना जोडीत घेतलं). विष ज्याला शिवेल त्यानं चेंडू डोक्यावर धरून, पाय फाकवून उभं राहायचं. सुटलेल्यानं आपला चेंडू त्याच्या दोन पायांमधून पास करून काढला की अमृत मिळालं.

पहिला डाव बिघडला. विष जवळ आलं की पोरं चेंडू लांब मारून मोकळी व्हायची आणि रिकाम्या पायांनी पळायची. मी ओरडत होते, “जवळ ठेवा, जवळ ठेवा!” कुणी ऐकेना. दुसऱ्या डावाला नियम घातला : चेंडू चौकोनाबाहेर गेला की तुम्हाला विष लागलं. बस्स. सगळे चेंडू आपोआप पायाला चिकटले.

हे मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून लिहून ठेवते. जे ओरडून सांगावंसं वाटतं, ते नियमात घालायचं.

दहा मिनिटांनी आणखी एक भर : मी मधूनच हात वर करून बोटं दाखवणार, चालत्या चेंडूसकट आकडा ओरडायचा. मुंडी खाली घालून पळणाऱ्यांना बोटं दिसत नाहीत. “मुंडी वर” असं मला एकदाही म्हणावं लागलं नाही. चिंचोकेवालीला पुन्हा बसवलं होतं. शंभरानंतर तिनं मोजणं सोडलं आणि तीच खेळायला घुसली. हात मुरगळलेला, पाय नव्हे, असं तिचं म्हणणं.

५ जुलै, शनिवार

उद्या आषाढी. आज दिंडीची तयारी, खेळ नाही.

९ जुलै, बुधवार

पाऊस. काळ्या मातीचं तर लोणी झालंय, चेंडूला चिखल चिकटून तो दुप्पट जड होतो. चिंध्यांच्या चेंडूचा हा दोष आहेच : भिजला की दोन दिवस वाळत नाही. सासूबाईंनी चुलीजवळ टांगून ठेवलेत, घरात कोळ्यानं अंडी घातल्यासारखं दिसतं.

व्हरांड्यात तळ्यात-मळ्यात. प्रत्येकासमोर एक चेंडू. ‘तळ्यात’ म्हटलं की उजव्या पायाचा तळवा अलगद चेंडूवर, ‘मळ्यात’ म्हटलं की डाव्या पायाचा. चेंडू हलता कामा नये. मी वेग वाढवत नेला, मग दोनदा तळ्यात-तळ्यात म्हणून फसवलं. जो चुकला तो बाद नाही. तो हुकूम सोडणारा होतो. बाद करण्याची पद्धत मी बंद केली आहे. बाद होणारा नेहमी तोच असतो ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज असते.

नंतर ‘खळ्यात’ वाढवलं : तळव्यानं चेंडू मागे ओढायचा. हे पोरांनीच सुचवलं, नावही त्यांचंच.

चौथीतला एक जाडसर मुलगा, मैदानात कायम मागे राहणारा, इथं सगळ्यात पक्का निघाला. तासाच्या शेवटी तोच हुकूम सोडत होता आणि सहावीचे चुकत होते.

१९ जुलै, शनिवार

लगोरी. यावर मी आठवडाभर विचार करत होते, कारण मूळ लगोरीत चेंडू पाठीत हाणतात. ते पायानं करायला लावलं तर कुणाचं तरी नाक फुटेल.

अशी बसवली : सात चपटे दगड. पाच पावलांवरून पायाच्या आतल्या बाजूनं चेंडू मारून लगोरी फोडायची. चवड्यानं मारला तर जोर येतो, नेम जातो. हे त्यांना तिसऱ्या प्रयत्नात स्वतःलाच कळलं. लगोरी फुटली की फोडणारे ती हातानं पुन्हा रचणार आणि दुसऱ्या बाजूनं तेवढ्यात एकमेकांत पाच पास पूर्ण करायचे. आधी पाच पास झाले तर डाव त्यांचा. रचणाऱ्यांतला एक जण पास अडवायला मोकळा.

पाच पास! आज सगळ्यात जास्त झाले दोन. बाजूची सहाही पोरं चेंडूवर, गुळाच्या ढेपेवर मुंगळे बसावेत तशी. चेंडू कुणाला द्यायचा तर सगळे इथंच. लगोरी निवांत रचली जायची.

आणखी एक दिसलं. पास मुलग्यांमध्येच फिरतो. मुली हात वर करून “आठे दे! आठे दे!” (इकडे दे!) ओरडतात आणि चेंडू त्यांच्या पलीकडच्याकडे जातो.

२३ जुलै, बुधवार

मुलीनं केलेला पास दोनदा मोजायचा, असा नियम करून पाहिला. वाईट कल्पना, माझीच. मुलगे मुलींना पास द्यायला लागले, पण चिंचोकेवाली डावाच्या मध्येच थांबली आणि म्हणाली, “माले डबल नको.” बरोबर आहे तिचं. डबल म्हणजे मुळात अर्धी धरल्यासारखंच.

बदलला : पाच पास पाच वेगवेगळ्या पोरांचे हवेत. आता कुणाला वगळून चालत नाही, आणि कोण मुलगी, कोण बारका, याचा उल्लेखही नाही. तिसरीतला सगळ्यात लहान मुलगा, ज्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, त्याला आज सगळे हाका मारत होते, कारण पाचवा तोच उरायचा.

आज तीन पास झाले. एकदा चार.

३० जुलै, बुधवार

एकाच्या वडिलांनी सुरतेहून खिळ्यांचे बूट आणले. बाकी एकवीस अनवाणी नाहीतर स्लीपर काढून. दहा मिनिटांत दोघांच्या बोटांवर पाय. बूट काढायला लावले तर रडू.

निंबाखाली बसवून गोष्ट सांगितली. काल २९ जुलै होता. १९११ साली याच दिवशी कोलकात्यात मोहन बागाननं ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ हरवून आयएफए शील्ड जिंकली, आणि त्यांच्या अकरापैकी दहा जण अनवाणी होते. एकानं विचारलं, मग अकराव्यानं बूट घालून किती जणांची बोटं चेंगरली? मला उत्तर आलं नाही. पण बूट निघाले. आता नियम : सगळे अनवाणी, नाहीतर सगळे बुटात. मैदानातले खडे आणि बाभळीचे काटे वेचणं हा सुरुवातीचा पाच मिनिटांचा खेळ. जो जास्त आणेल तो पहिला विष.

६ ऑगस्ट, बुधवार

रविवारी आमची खानदेशातली कानबाई देवी बसली, सोमवारी विसर्जन. पोरं रात्रभर जागलेली आणि रोट खाऊन जड झालेली. पळायचे खेळ आज नकोच.

गोल करून ‘मामाचं पत्र हरवलं’. पत्राच्या जागी चेंडू. ज्याच्या मागे ठेवला त्यानं उठून तो पायानं ढकलत पत्र टाकणाऱ्याचा पाठलाग करायचा. गोलाच्या वळणावर चेंडू बाहेर निसटतो, म्हणून बाहेरच्या पायाच्या आतल्या कडेनं आत वळवावा लागतो. मी हे समजावायला उठले, तेवढ्यात तिघांना जमलंसुद्धा. बसले.

१३ ऑगस्ट, बुधवार

आट्यापाट्या. आज एक म्हातारे बाबा कंपाउंडच्या बाहेरून बघत होते. आम्ही पटांगणावर आडव्या तीन रेघा मारल्या होत्या. रेघेवरच्यानं रेघ सोडायची नाही, फक्त डावी-उजवीकडे सरकायचं. समोरच्यानं चेंडूसकट रेघ ओलांडायची. हे मी भाच्याकडून उचललेलं, तो त्याला काहीतरी इंग्रजी नाव सांगत होता.

बाबा आत आले, काठीनं रेघांकडे दाखवून म्हणाले, “हाई ते आट्यापाट्या शे!” आणि मग त्यांनीच सांगितलं : नऊ पाट्या असतात, मधून उभी रेघ जाते तिला सूर म्हणतात, आणि सुरावरचा गडी सगळ्यांत चलाख लागतो. काठी बाजूला ठेवून त्यांनी एका पाटीवर उभं राहून दाखवलं. समोर सहावीचा सगळ्यात वेगवान मुलगा. तो सरळ पळत आला, बाबांनी हात पसरले, सापडला. मग बाबांनी त्याला पाटीवर उभं केलं आणि स्वतः समोर आले : खांदा डावीकडे टाकला, पोरगा डावीकडे झुकला, बाबा उजवीकडून चालत गेले. पळत नव्हे, चालत.

हूल. भाचा महिनाभर जे फोनवर समजावत होता ते हेच होतं आणि आपल्याकडे त्याला शब्द होता.

यानंतर सुरासकट पाट्या आखल्या, चेंडू पायात. पाटीवरच्याचं शिकणंही मोठं आहे : अंगावर धावून जायचं नाही, पाय जमिनीजवळ ठेवून वाट अडवायची, समोरच्याचा खांदा बघायचा नाही, चेंडू बघायचा. बाबा दर बुधवारी येतो म्हणाले.

२० ऑगस्ट, बुधवार

एकानं हवेतून आलेल्या पाच नंबरच्या बॉलला डोकं लावलं. पाऊण तास डोकं दुखत होतं, घरी सोडून आले. भाच्याला विचारलं. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ सालीच दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना हेडर करायला बंदी जाहीर केली. आपल्याकडेही आजपासून : डोक्याला लागला की बॉल समोरच्यांचा. पाच नंबरचे बॉल कपाटात गेले. वर्गणीतून चार नंबरचे दोन आणायचे.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा. घराघरांत बैलांच्या साजातले लोकरीचे गोंडे उरलेत. एकानं तो डाव्या घोट्याला बांधून मिरवत आणला आणि मला कल्पना सुचली. सगळ्यांनी डाव्या घोट्याला गोंडा बांधायचा, गोंड्याच्या पायानं केलेला गोल दोन गुणांचा. बावीसपैकी वीस जणांचा डावा पाय केवळ उभं राहायला आहे हे मला जूनपासून दिसत होतं. आज त्यांनी हवेत पाय मारले, पडले, हसले. एक गोल झाला, तोही चुकून. पण प्रयत्न? मोजले नाहीत, खूप. संध्याकाळी एक आजी विचारायला आली की आमच्या बैलाचा गोंडा शाळेत कसा गेला.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीची सुट्टी संपवून हजर १८. चार गोलांचा खेळ.

तीन विरुद्ध तीन. पंधरा पावलं रुंद, पंचवीस लांब. प्रत्येक बाजूला दोन गोल, दोन्ही कोपऱ्यांत, प्रत्येक गोल दोन विटांचा आणि दीड पावलाचा. गोलकीपर नाही. गोल मारायला आधी समोरच्या गोलाजवळ आखलेल्या पट्ट्यात पोचावं लागतं. लांबून धडाका चालत नाही. मूळ कल्पना होर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाची. जर्मनीत २०२४-२५ च्या हंगामापासून अगदी लहान वयोगटांत अशाच छोट्या संघांचे आणि छोट्या गोलांचे सामने ठेवलेत. सहा-सहांचे तीन गट आमच्या पटांगणात एकाच वेळी मावतात. मुरमाच्या बाजूला दोन, तिसरा काळ्या मातीत कसाबसा.

यात काय होतं ते तासभर बघत बसले. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा गोल मोकळा असतो. पहिल्या वीस मिनिटांत कुणालाच तो दिसला नाही. मग जाडसर मुलगा, तळ्यात-मळ्यातवाला, चेंडूवर तळवा ठेवून थांबला. थांबला! सगळे त्याच्यावर धावले, त्यानं मागे ओढला (खळ्यात!), वळला आणि दुसऱ्या बाजूला उभ्या मुलीला दिला. तिच्यासमोर कुणीच नव्हतं. तिनं चालत जाऊन विटांमधून घातला.

मी शिट्टी वाजवायला विसरले.

१३ सप्टेंबर, शनिवार

कंपाउंडवर बाप लोक बसायला लागले. कौतुक आहे, पण “मार! मार!” चा गजर सुरू झाला. पोरगं चेंडू थांबवून वर बघणार तोच बाप ओरडतो, आणि ते डोळे मिटून मारून देतं. दोन महिन्यांचं काम दहा मिनिटांत पाण्यात.

नियमच करावा लागला : जो ओरडेल त्यानं आत येऊन गोलपोस्ट व्हायचं. पाय जुळवून उभं राहायचं, डाव संपेपर्यंत बोलायचं नाही. आज तिघं गोलपोस्ट झाले. त्यातल्या एकाच्या नडगीवर त्याच्याच पोराचा चेंडू बसला. चिंध्यांचा होता म्हणून निभावलं.

लगोरीत आता पाच पास होतात. रचणारी बाजूच ओरडते की नियम सोपा झाला, सात करा. केले.

८ ऑक्टोबर, बुधवार

हजर ९. वेचणी सुरू झाली. पोरं आईबापांबरोबर कपाशीत; मोठी वेचतात, लहान सांभाळतात. हजेरीपटावर लाल गोल वाढताहेत आणि खेळाच्या वहीवर मी काय लिहू.

नवांचे तीन-तीनचे तीन संघ केले. दोन संघ खेळणार, गोल खाल्ला तो बाहेर, तिसरा लगेच आत. बाहेर कुणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बसत नाही. गंमत आली, पण पटांगण मोठं दिसत होतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

घरोघर जाऊन आले, मग शेतात. चिंचोकेवालीच्या आईचं म्हणणं, वेचणीत चार पैसे येतात, आणि वर “आंडेरले कसाले फुटबॉल?” (पोरीला कशाला?) मी फुटबॉलचं काढलंच नाही, शाळेचं बोलले. निम्म्या दिवसाचा करार झाला : दुपारपर्यंत शाळा, मग शेत.

निघताना बांधावर बघितलं. ती आणि तिचा धाकटा भाऊ, कपाशीच्या दोन ओळींमधल्या सरीत. चेंडू आमचाच, कपाटातून कधी गेला मला कळलं नव्हतं. सरी हातभर रुंद. दोन्हीकडे बोंडं, त्यांच्या वाळक्या टोकांना कव्हर अडकून फाटतं, म्हणून चेंडू जराही बाजूला जाऊ द्यायचा नाही. पोरगी तळव्यानं चेंडू ओढत, थांबवत, भावाला हूल देत उलटी चालत होती. मी वीस पावलांचा चौकोन आखते, तिनं हातभराचा आखला होता.

चेंडू परत मागितला नाही. वहीत ‘दिला’ असं लिहिलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीनंतर हजर १७. थंडी पडायला लागलीय, सकाळी पायाला माती गार लागते. शेजारच्या गावच्या शाळेशी शनिवारी सामना ठरला, सात-सातचा. भाचा म्हणाला, “मावशी, आता तरी जागा वाटून दे, कोण पुढे, कोण मागे.” देणार नाही. आळीपाळीनं सतराच्या सतरा खेळवणार. त्याला पटलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हरलो, ३-१.

त्यांच्याकडे लोखंडी गोलपोस्ट, जाळी नाही, आणि पाच नंबरचा टणक बॉल. पहिली दहा मिनिटं आमची पोरं त्याची उसळी बघतच राहिली. चिंध्यांच्या चेंडूची सवय इथं नडली. दोन गोल तेव्हाच खाल्ले. भाचा बरोबर होता आणि नव्हता : मागे कुणी थांबलंच नाही हे खरं, पण जागा वाटून दिल्या असत्या तरी उसळी कळली नसतीच. पुढच्या वेळी बुधवार चिंध्यांचा, शनिवार हवेचा.

आमचा गोल : सुराची राखणदार (बाबांनी तिला तयार केलंय) बॉल अडवून घेते, जाडसर मुलाला देते. तो थांबतो. त्यांचे मास्तर बाहेरून ओरडतात, घ्या त्याच्याकडून, घ्या. तीन जण येतात. तो डाव्या पायानं, गोंड्याच्या पायानं, चिंचोकेवालीकडे सरकवतो. तिनं खांदा टाकला, गोलकी आडवा झाला, ती दुसऱ्या बाजूनं चालत गेली. बाबा टेम्पोत बसून होते, त्यांनी तिथूनच “लोण!” म्हणून आट्यापाट्यांतली आरोळी ठोकली. पंचाला काही कळलं नाही.

एका बापानं परतताना शेतात थांबवून भरीत खाऊ घातलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी. हरल्याचं कुणी काढलं नाही, वांगी कमी पडल्याचं काढलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तालुक्याला मीटिंग होती, पोचायला उशीर झाला. पटांगणावर पोरं आधीच लगोरी खेळत होती. थोडा वेळ निंबामागे थांबले. दगड हातानं नव्हे, पायानं रचत होती. तळव्यानं ओढून, चवड्यानं उचलून एकावर एक. सातवा दगड कुणालाच बसेना. पासांचा आकडा नऊवर गेलेला. सुरत-बूटवाला अनवाणी, बाकी चौघांकडे आता बूट आले आहेत, ते कंपाउंडवर ओळीनं काढून ठेवलेले.

मी शिट्टी काढली तर तिसरीतला बारका म्हणाला, “मॅडम, आते नको, डाव चालू शे.”

आणायचं : चार नंबरचा एक बॉल (एक फाटला), फक्की पाच किलो, पिन दोन. सासूबाईंना जुनी लुगडी हवीत, सुती. नायलॉनवर टाका बसत नाही.